रादोय्काची सीट

रस्त्यातल्या लिंडनच्या झाडांवर मंगळवारी कागद लागले. गुरुवारी सकाळी सातपासून फांद्या छाटणार, गाड्या हलवा, नाहीतर कोळी उचलून नेईल. कोळ्याच्या धाग्यांसारखे वरून पट्टे सोडून गाडी उचलणाऱ्या ट्रकला बेलग्रेडमध्ये सगळे कोळीच म्हणतात.

तिहोमिरने कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि वर जाऊन बसला.

गाडी त्याच्या बायकोची होती. लाल, अकरा वर्षांची. सात आठवड्यांपूर्वी रादोय्कानेच ती दारासमोर लावली. दोन दिवसांनी ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. त्यानंतर त्याने गाडी एकदाच उघडली होती, तिची छत्री काढायला. तेव्हा त्याला दिसलं, ड्रायव्हरची सीट पार पुढे, स्टेअरिंगला भिडलेली. रादोय्का जेमतेम पाच फूट उंच होती. तो सहा फुटांच्या वर. त्याला तिथे बसायचं तर आधी सीट मागे सरकवायला हवी. त्याने दार लावून घेतलं.

गुरुवारी पावणेसातला रस्ता रिकामा झाला होता. लाल गाडी तेवढी उरली होती. तळमजल्यावरचा ल्युबिशा सपाता घालून, हातात कॉफीचा कप घेऊन बाहेर आला.

"अरे तिहोमिर, किल्ली हातात धरून काय उभा आहेस? पूजा घालतोयस का गाडीची?"

"तू चालव ना."

"मी? माझं पोट बघ. त्या फटीत माझा एक पायसुद्धा जाणार नाही. मागे घे की सीट."

"नको."

ल्युबिशाने त्याच्याकडे पाहिलं. मग कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "खाचा मोज," तो हळू आवाजात म्हणाला. "किती मागे गेली ते मोज, आणि नंतर तेवढीच पुढे आण."

"मोजता येतील रे. पण मग ती मी लावलेली सीट होईल."

कोपऱ्यावर कोळी येऊन उभा राहिला. त्याच्या पुढे पार्किंग तपासणारी विदा चालत येत होती, निळं जॅकेट, गळ्यात यंत्र.

विदा आणि रादोय्काचं नऊ वर्षांचं भांडण होतं. विदाने काचेवर दंडाची चिठ्ठी लावली की रादोय्का दुसऱ्या मजल्यावरून ओरडायची, "विदा, पाय पोचतात का गं जमिनीला?" आणि विदा खालून, "तुमच्यापेक्षा बोटभर जास्तच पोचतात, बाई!" पण इमारतीच्या दारावर रादोय्काच्या निधनाचा काळ्या चौकटीचा कागद लागला, त्या दिवसापासून विदा त्या गाडीजवळ थांबलीच नव्हती.

"काका, हलवा. मी आज काही करू शकत नाही. झाडवाले आलेत."

"त्याला सीट हलवायची नाहीये," ल्युबिशा म्हणाला.

विदाने काचेला नाक लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आरसे पण तिचेच?"

"सगळं तिचंच," तिहोमिर म्हणाला.

तिने मागे वळून कोळीवाल्याला हात केला, थांब म्हणून. जॅकेट उतरवून ल्युबिशाच्या हातात दिलं. "द्या किल्ली. आणि हे कुणाला सांगाल तर तुमच्या गाडीला रोज चिठ्ठी लावीन, ल्युबिशाकाका."

ती अंग चोरून आत शिरली. गुडघे नीट मावले. पाय पोचले. तिने कशालाही हात लावला नाही, फक्त किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. तिहोमिर पलीकडच्या दाराने शेजारी बसला.

त्या वेळी जागा मिळणं कठीण. पार्किंगचा परवाना आपल्याच विभागात चालतो, म्हणजे नदीकडे जायचं नाही आणि ट्रामचे रूळ ओलांडायचे नाहीत. एक फेरी झाली, दुसरी झाली. विदा पुढे वाकून फक्त रस्ता बघत होती.

"हळू," तिहोमिर एकदम म्हणाला. "उजवीकडे. तो करडा कोट. किल्ली शोधतोय."

"बसस्टॉपवर चाललाय तो."

"नाही. खिसे चाचपतोय बघ."

करड्या कोटवाल्याने गाडीचं दार उघडलं. विदा हसली. "हे कुठे शिकलात?"

"बावीस वर्षं माझं हेच काम होतं. ती चालवायची, मी जागा बघायचो."

जागा अरुंद होती. विदाने एकदा मागे घेतली, तिरकी गेली. दुसऱ्यांदा पुन्हा तिरकी. मागून हॉर्न वाजला.

"दिवसभर लोकांना सांगते, आणि मला स्वतःला हे कधी जमलं नाही," ती म्हणाली. कान लाल झाले होते.

तिहोमिर उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. "ये, ये, ये. आता फिरव. अजून. ये. बस!"

विदा आत शिरली तशीच अंग चोरून बाहेर आली. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"परवाना बाईंच्या नावावर आहे. महिनाअखेर संपेल. सोमवारी सकाळी कचेरीत जा, रांग नसते. मृत्यूचा दाखला विसरू नका."

"जातो."

"आणि हलवायची झाली की हाक मारा."

ती जॅकेट आणायला निघून गेली. तिहोमिर परत आपल्या बाजूचं दार उघडून आत बसला. डावीकडे सीट होती तशी होती, पुढे, स्टेअरिंगला भिडून. समोरच्या बेकरीतून लोक गरम बुरेक घेऊन बाहेर पडत होते. तो त्यांच्याकडे बघत बसला.

थोड्या वेळाने एका माणसाने काचेवर टकटक केली. त्याची गाडी रस्त्याच्या मधोमध चालूच होती.

"निघताय का, आजोबा?"

तिहोमिरने काच खाली घेतली.

"नाही बाबा," तो म्हणाला, "आत्ताच आलोय आम्ही."