रविवारी किंचाळलेली फरशी

पाच आठवड्यांपूर्वी तोरग्रिमची बायको ओशिल्ड ट्रॉनहाइमला बहिणीकडे गेली. दारात बूट चढवताना ती एवढंच म्हणाली होती, "न्हाणीघराची फरशी गरम झाली की कळव. येते मी."

भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. तोरग्रिमने चाळीस वर्षं फेरीबोटीची कप्तानी केलेली, त्यामुळे त्याला ध्वनिक्षेपकावरून बोलायची सवय होती, समोरासमोर नव्हे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने बायकोला गरम फरशीचा शब्द दिला होता, आणि त्याला आता चौतीस हिवाळे उलटले होते. ओशिल्डचे पाय मुळातच गारगार. बहिणीच्या, म्हणजे रायदूनच्या घरी तर दारातून आत पाऊल टाकल्यापासून फरशी गरम. त्यात गेल्या आठवड्यात बातमी आली की रायदूनने तिच्यासाठी खिडकीपाशी विणकामाची खुर्ची आणून ठेवली आहे. पाहुण्याला उशी देतात. खुर्ची विकत आणतात ती राहणाऱ्या माणसाला, एवढं तोरग्रिमला कळत होतं.

त्याने ताबडतोब कळवलं, शुक्रवारी ये. फरशी लावून तीन आठवडे झाले होते, खालचा मसाला वाळला होता, आणि आज बुधवारी सिवर्त इलेक्ट्रिशियन येऊन फरशीखालच्या तापणाऱ्या तारेची विजेला जोडणी करून देणार होता.

तार इलेक्ट्रिशियनने अंथरायची आणि फरशी घरमालकाने लावायची, ही वाटणी त्यांच्या गावात, क्रिस्टियानसुंदमध्ये, बरेच जण करतात, आणि बिघडलं की चूक कोणाची यावर आयुष्यभर वाद घालतात. सिवर्त बोलायला कंजूष आणि अंगाने ऐसपैस. न्हाणीघरात तो गुडघ्यांवर बसला, तारेच्या टोकांना मीटर लावला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"तुटलीय," तो म्हणाला.

"तुटलीय म्हणजे?"

"म्हणजे मी एक तार टाकली होती. आता दोन आहेत."

तोरग्रिम न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसला.

"ते भोंग्याचं डबडं दिलं होतं ना तुम्हाला?" सिवर्तने विचारलं. "टोकांना लावून ठेवलेलं? तार तुटली की बोंबलतं ते."

"बोंबललं होतं."

"मग?"

"रविवार होता."

सिवर्तने, इथले लोक म्हणतात तसं, श्वास आत ओढत "हो" म्हटलं. त्याला पुढचं काही विचारावं लागलं नाही. तोही याच गावचा.

रविवारी आवाज करणाऱ्या माणसाला इथे कोणी शिक्षा करत नाही. फक्त सगळ्यांना कळतं. तोरग्रिमच्या रांगेतल्या घरांच्या सोसायटीत तर ते शेजारच्या गुनवोरबाईंच्या वहीतून कळायचं. बाई निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, कान अठरा वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी तोरग्रिमने एका रविवारी फळी ठोकायला भिंतीत एकच भोक पाडलं होतं. त्या भोकाची नोंद वार्षिक सभेत मिनिटांसकट वाचून दाखवण्यात आली, आणि बोटीवरच्या तीनशे प्रवाशांना न घाबरलेला कप्तान कॉफीच्या कपात बघत बसला.

म्हणून त्याने फरश्या शनिवारीच कापून ठेवल्या होत्या. रविवारी फक्त मसाला पसरायचा आणि फरशी टेकवायची, मांजराच्या पावलाने. पाचव्या ओळीत डबडं एकाएकी किंचाळलं. तार तुटली असेल हा विचार तोरग्रिमच्या मनाला शिवलाही नाही. छतावरचा धुराची सूचना देणारा भोंगा जसा सेल उतरला की उगाच ओरडतो, तसंच हे, असं त्याने ठरवून टाकलं. डबडं तारेपासून सोडवलं, तरी ते ओरडतच राहिलं. सेलच्या झाकणाला बारीक स्क्रू, आणि बोटांना मसाला. शेवटी त्याने ते दोन लोकरी हातमोज्यांत कोंबलं, फ्रीजरमध्ये कॉड माशांच्या खाली पुरलं आणि वरून झाकणावर बसला.

"नेमकी कुठली फरशी लावत होतात तेव्हा?" सिवर्तने विचारलं.

"माझं लक्ष भिंतीकडे होतं. बाईंच्या."

"जागा कळली तर एक फरशी उचलून तार जोडता येईल. नाहीतर शोधायचं यंत्र मागवावं लागेल, त्याला महिन्याभराची रांग आहे. की सगळीच उखडू?"

तोरग्रिमच्या डोळ्यांपुढे ती खिडकीपाशीची खुर्ची आली. मग तो म्हणाला, "वेळ कळली तर?"

"वेळेचं काय करू?"

"तू सांगितलं होतंस ना, काम करताना फोटो काढत जा म्हणून? मी प्रत्येक फरशीचा काढलाय. फोनमध्ये वेळ असते."

"मग किंचाळली किती वाजता, ते सांगा."

"ते मला माहीत नाही," तोरग्रिम उठत म्हणाला, आणि त्याने स्वेटर नीट केला. "पण कोणाला माहीत आहे ते मला माहीत आहे."

गुनवोरबाईंनी दार उघडलं. त्यांच्या हातात विणकाम होतं.

"बाई, तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी माझ्या घरातून आवाज आला होता."

"आला होता," बाई म्हणाल्या. "मी सभेची वाट बघत होते."

"मला त्याची वेळ हवी होती."

बाईंनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे वही बघायला कोणी आपण होऊन आलं नव्हतं. त्या आत गेल्या, वही घेऊन आल्या, आणि वर्गात वाचतात तशा ताठ उभ्या राहून वाचू लागल्या.

"अकरा वाजून सतरा मिनिटं. किंचाळी, तीव्र. अकरा एकोणीस. तीच किंचाळी, दबकी. अकरा वीस ते बारा पाच, फारच दबकी, बहुधा मासळीखालून."

"मासळीखालून हे तुम्हाला कसं..."

"तुझा फ्रीजर माझ्या भिंतीला लागून आहे, बाळा. सही कर इथे."

"कशाला?"

"गुन्हा कबूल केल्याची. इतक्या वर्षांत पहिलीच आहे, जपून ठेवीन म्हणते."

तोरग्रिमने सही केली. एवढ्यावर बाईंचं समाधान झालं नाही. पुरावा कुठल्या कामी येतो ते बघायला त्या सोबत आल्या. दारात बूट काढून जाड लोकरी मोज्यांनी न्हाणीघरात शिरल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि नव्या फरशीचं कौतुक करायची रीत म्हणून डोळे मिटून म्हणाल्या, "वा! पाय कसे छान शेकतायत."

सिवर्त आणि तोरग्रिम दोघांनीही भिंतीकडे पाहिलं.

अकरा सोळाच्या फोटोत पाचव्या ओळीतली तिसरी फरशी बसलेली होती आणि चौथीची जागा रिकामी होती. सिवर्तने चौथी उचलली. खाली मसाला पसरायच्या दातेरी थापीच्या एका दाताने तार कातरलेली होती, शेवई तोडावी तशी.

"सापडली," सिवर्त म्हणाला.

"अकरा सतरा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस होता.

तासाभरात तार जोडली गेली, मीटरने मान्यता दिली, नवी फरशी बसली. मग सिवर्तने हत्यारं पुसता पुसता सांगितलं, मसाला ओला आहे, आता पुन्हा तीन आठवडे बटणाला हात लावायचा नाही. लावला तर फरशी सुटेल आणि मग मी येणार नाही.

तोरग्रिमने त्याच दुपारी ट्रॉनहाइमला फोन केला आणि ध्वनिक्षेपकावर उशीर जाहीर करतात त्या आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून मधूनच रायदूनचा आवाज येत होता, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?"

"म्हणजे फरशी थंडच आहे," ओशिल्ड शेवटी म्हणाली.

"हो. तू तिथेच राहा हवं तर. मी समजू शकतो."

"शुक्रवारची चारची बोट. न्यायला ये."

शुक्रवारी ती आली. कोट न काढताच न्हाणीघरात गेली, मोजे काढले आणि अनवाणी उभी राहिली. तोरग्रिम उंबऱ्यावर टोपी हातात घेऊन उभा.

"थंड आहे," ती म्हणाली.

"हो. मग आलीस कशाला?"

"मी तिथे राहिले असते तर तू तिसऱ्या दिवशी बटण दाबलं असतंस."

"नसतं दाबलं."

"तोरग्रिम."

"पाचव्या दिवशी," तो म्हणाला. "जरासंच. चालतंय का बघायला."

ओशिल्डने मोजे चढवले, त्यावर आणखी एक जोडी चढवली. फरशी चालू करायचं बटण ज्यावर असतं तो थर्मोस्टॅट सिवर्त भिंतीत बसवायचा बाकी ठेवून गेला होता. तो खोक्यासकट बेसिनवर पडला होता. तिने तो उचलून पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि बॅग उघडून कपडे कपाटात लावायला घेतले.