रेकलेस धनीराम

आणीबाणी उठली त्या साली लाखनीच्या बाजारातून परतताना धनीरामचे बैल ट्रकच्या हॉर्नला बुजले. गाडी एका साहेबाच्या जीपपुढून हायवे ओलांडून थेट धानाच्या बांधीत शिरली. लागलं कोणालाच नाही, पण साहेब खाली उतरून ओरडला, "यू रेकलेस फेलो!"

जन्मभर गावाने धनीरामला भित्राच म्हटलं होतं. शेताच्या धुऱ्यावर चालतानाही तो काठीने चाचपून पाय टाकायचा. इंग्रजीत कोणी काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्याने तडक शाळेतल्या श्यामराव गुरुजींना गाठलं. गुरुजी दाढी करत होते.

"रेकलेस म्हणजे बेपर्वा. ज्याले परिणामाचं भेव नाही, असा माणूस."

"कोणालेच भेत नाही?"

"कोणालेच," गाल फुगवून गुरुजी म्हणाले.

धनीराम छाती काढून घरी आला. "रुखमिणी, साहेब मले रेकलेस म्हणे! कोणाले न भेणारा!"

"बरं झालं. बैलाच्या कोठ्यात साप निघाला, त्याले हाकला."

"थांब, डोमाले बोलावतो," धनीराम म्हणाला आणि शेजारच्या डोमाला हाका मारत सुटला.

तरी शब्द त्याने सोडला नाही. न्हाव्याकडे, पानठेल्यावर, मयतीतसुद्धा तो ऐकवायचा, "मी रेकलेस माणूस आहो."

दिवाळीनंतर त्याच्या मुलीला, उषाला बघायला आंबागडचे पावणे आले. मुलगा ईश्वर, त्याची आई शकुंतलाबाई आणि भंडाऱ्याच्या कोर्टात चपराशी असलेला मामा टेकचंद. पोहे खाता खाता टेकचंदने विचारलं, "तुमचा स्वभाव कसा हाय?"

धनीराम सावरून बसला. "मी? एकदम रेकलेस!"

टेकचंदचा घास हातातच राहिला. "हा शब्द मी कोर्टात अपघाताच्या केशीत रोज ऐकतो. कोणावर गाडी घातली तुम्ही? मेलं का कोणी?"

शकुंतलाबाईंनी बशी खाली ठेवून पदर सावरला. त्या आता उठणार, तोच रुखमिणी धावत बाहेर आली.

"मामाजी, हे कायची गाडी घालतीन? बैल धावले तवा यायनं डोळे मिटून घेतले होते! रोज दाराले कडी लावून वरून पाटा टेकवतात. उभी एसटी जराशी हलली तरी चढत नाही, म्हणून भावाच्या लग्नाले पोचले नाही!"

"अन् साप मी मारला. हे झाडावर होते," डोमाने दारातून भर घातली.

धनीरामची मान खाली गेली. पण प्रत्येक वाक्याला शकुंतलाबाईंचा चेहरा खुलत होता.

"मले असंच घर पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमचा ईश्वर फटफटी घ्यायची म्हणून राहिला. त्याले आवरणारी पोरगी याच घरात भेटन."

सोयरीक तिथेच पक्की झाली.

"एवढं सारं सांगाची काय गरज होती?" धनीराम रुखमिणीच्या कानात पुटपुटला.

"पोरगी द्यायची हाय न?" म्हणत तिने त्याच्या हातावर साखर ठेवली.

दाराआड उषा तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. तिला बघून धनीरामलाही हसू फुटलं, आणि तो पावण्यांना आणखी पोहे वाढायला उठला.