दोन बोटांनी पुसलेली चाल

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅकपॅड आहे. लॅपटॉपच्या बटणांखाली जो गुळगुळीत चौकोन असतो, ज्यावर बोट फिरवले की पडद्यावरचा बाण पळतो, तोच मी. माझा एक कोपरा झिजून चकचकीत झाला आहे. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक यांत्रिक बोट दिवसभर माझ्यावरून सरकत असे. ते कधी घाईत नसे, कधी रागावत नसे. माणसाचे बोट कसे असते, ते मला तारोडीला आल्यावर कळले.

उत्तनजवळच्या या समुद्रकाठच्या गावातल्या डेल्फिनने पहिल्या पगारातून आमचा लॅपटॉप घेतला. डेल्फिन शाळेत संगीत शिकवते. तिचे वडील फ्रँक मासेमारी करतात आणि गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. आई ॲग्नेस बोंबील वाळत घालताना गुणगुणत असते. असे घर मिळाले, आणखी काय हवे!

डेल्फिनच्या भावाचे, गेविनचे, टॅनियाशी लग्न ठरले. नवरा-नवरी मांडवात येतील तेव्हा बँडने वाजवायची चाल डेल्फिन स्वतः रचू लागली. ती एका वेबसाइटवर काम करत असे. तिथे पडद्यावर एक लांबलचक आडवी पट्टी होती आणि तिच्यावर सूर मांडायचे. माझ्यावर दोन बोटे डावीकडे सरकवली की पट्टीचा पुढचा भाग दिसे. उजवीकडे सरकवली की मागचा. डेल्फिनची बोटे माझ्यावर अशी नाचत की मला गुदगुल्या होत.

एके दुपारी चाल पूर्ण झाली. सुरुवातीपासून ऐकावी म्हणून डेल्फिनने दोन बोटे जोरात उजवीकडे सरकवली. पट्टी पहिल्या सुरापर्यंत आली, पण बोटे थांबली नाहीत. आणि पडद्यावर एकदम भलतेच पान आले. ती घाईघाईने परत गेली, तर पट्टी कोरी!

मित्रांनो, काय झाले ते सांगतो. दोन बोटे उजवीकडे सरकली, एवढाच निरोप मी देतो. वेबसाइट त्याचा अर्थ ‘पट्टी मागे न्या’ असा लावते. पण पट्टी संपली की तोच निरोप ब्राउझर उचलतो आणि म्हणतो, ‘अच्छा, आधीच्या पानावर जायचंय!’ एक खूण आणि ती ऐकणारे दोघे. मधल्यामध्ये चाल मात्र गेली.

डेल्फिनने माझ्यावर थाडकन हात आपटला.

“काय झाला गो?” ॲग्नेस आतून धावत आली.

“अख्खी चाल गेली, मम्मी. काहीच राहिलं नाही.”

“गेली न्हाय. रोज आयकते ना मी? माझे कानान हाय ती.” आणि ॲग्नेसने तिथेच उभ्याने गायला सुरुवात केली. फ्रँकही येऊन ताल धरू लागला. मध्येच दोघांचे भांडण जुंपले.

“इथे सूर वर जाते!”

“वर न्हाय, खाली!”

डेल्फिन रडता रडता हसू लागली. फ्रँकचा ‘खाली’ तिला आपल्या मूळ सुरापेक्षा आवडला आणि तिने तोच ठेवला. चाल पुन्हा उभी राहिली. पण माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. तिने बाजारातून माऊस आणला. माझ्यावर आता नुसता तळहात टेकू लागला, तोही झोपाळलेला.

पुढे शाळेतल्या मुलांनी त्याच वेबसाइटवर रचलेल्या चालीही तशाच पुसल्या गेल्या. तेव्हा मात्र डेल्फिनने वेबसाइटवरचा पत्ता पाहिला आणि लॅपटॉप काखेत मारून थेट भाईंदर पश्चिम गाठले. ती वेबसाइट उदय नावाच्या माणसाने घरी बसून, एकट्याने बनवली होती.

“मॅडम, हा ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे,” उदय नम्रपणे म्हणाला. “माझ्याकडे तर असं कधीच होत नाही.”

त्याच्या टेबलावर माऊस होता. डेल्फिनने तो पाहिला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. “सर, यावर एक चाल करून बघा ना. माऊस न लावता.”

उदयने सहज दोन-चार सूर मांडले. मग आणखी मांडले. मग तो मान डोलावू लागला आणि डेल्फिन शेजारी बसली आहे हेच विसरला. “वा! आता पहिल्यापासून ऐकतो,” म्हणत त्याने दोन बोटे झर्रकन उजवीकडे सरकवली.

“अरे! अरे, थांब! कुठे चाललीस?”

पट्टी कोरी. उदयचा चेहरा पाहून डेल्फिनने तोंडावर हात दाबला.

“काय मस्त जमली होती हो!” तो कळवळला.

“माझीपण जमली होती, सर.”

दोघेही खो-खो हसले. मी किती हलका झालो म्हणून सांगू!

उदय लगेच कामाला लागला. पहिल्या प्रयत्नात पट्टी थांबली, पण पान वर-खाली हलेना. मग तो स्वतः तारोडीला आला आणि डेल्फिनची बोटे कशी फिरतात ते शेजारी बसून पाहत राहिला. ॲग्नेसने त्याला जेवल्याशिवाय सोडले नाही. अखेर जमले. पट्टीवरची आडवी खूण फक्त पट्टीची, ब्राउझरने तिला हात लावायचा नाही. शिवाय प्रत्येक सूर मांडताक्षणी जपून ठेवायचा.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात होतो! बँडच्या साथीचे सूर आमच्या लॅपटॉपमधून वाजणार होते. गेविन-टॅनिया आत आले, फ्रँकने ट्रम्पेट ओठांना लावले आणि डेल्फिनची चाल मांडवभर पसरली. संपली तशी टॅनियाच ओरडली, “परत वाजवा!” सगळा मांडव ओरडू लागला.

डेल्फिनने मागचा-पुढचा विचार न करता दोन बोटे जोरात उजवीकडे सरकवली. मी नेहमीसारखा निरोप दिला. पट्टी धावत मागे आली, पहिल्या सुराशी पोचली... आणि तिथेच थांबली. फ्रँकने गाल फुगवले. पुन्हा वाजंत्री, पुन्हा नाच! उदय टाळ्या वाजवून वाजवून लाल झाला होता.

माऊस आता कपाटात झोपतो. माझ्यावर पुन्हा बोटे नाचतात.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन काहीतरी बनवाल. ते वापरणाऱ्याच्या शेजारी एकदा तरी बसा. त्याचा हात सवयीने कुठे जातो ते पाहा. आणि काही बिघडले, तर आधी आमच्यावर हात आपटू नका. आम्ही तुमच्या बोटांचा निरोप जसाच्या तसा पोचवतो, तेवढे आमच्याकडून कधी चुकत नाही. तुम्ही फक्त आम्हाला मऊ फडक्याने पुसत जा, आणि मनात येईल ती चाल बिनधास्त वाजवत जा.