कॉलरवरचा माईक

नव्या शाळेच्या स्वागतकक्षात साखरबाई दिसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साखरबाई हे नाव मीच ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या ठकीच्या जुन्या शाळेत पर्यवेक्षिका होती. ठकीला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. साखरबाई मला सारखी बोलावून घ्यायची. आज ठकीने गृहपाठ ऐकलाच नाही, आज ती सगळे बसल्यावर एकटीच उभी राहिली, आज दुसरे पालक जरा कुरकुरत होते हो. आवाज असा, की बाई रागावतेय की गोंजारतेय तेच कळू नये. शेवटी मीच थकले आणि दाखला मागितला. तिने तो हसतहसत दिला, आणि मी वर तिचे आभार मानून आले. ते आभार माझ्या घशात अजून अडकलेत.

आणि आता तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं: समावेशक शिक्षण विभाग, प्रमुख.

"चल, निघू या," मी नवऱ्याला म्हणाले.

"तिने ओळखलंही नाही आपल्याला. शाळा बघायला आलोय, ती बघू," तो म्हणाला. माझा नवरा असा थंड, की आगीत उभा राहिला तरी आधी पंखा कुठे आहे ते विचारील.

ओळखलं नाही, हेच तर मला जास्त झोंबलं. जिने माझ्या पोरीची वर्षं नासवली, तिला आमचे चेहरेही लक्षात राहू नयेत.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. लहान मुलाला चष्मा लागला, तर लोक म्हणतात, किती हुशार दिसतोय. कानाला मशीन लागलं, तर म्हणतात, अरेरे. या एका 'अरेरे'पायी मी गेल्या महिन्याभरात पाच शाळा नाकारल्या होत्या. ठकीची आताची शाळा पाचवीलाच संपत होती आणि आमच्या हातात फार दिवस नव्हते.

आणि नेमकी हीच शाळा ठकीला आवडली. वर्गात शिरताच ती थबकली. जमिनीवर जाड गालिचा होता आणि प्रत्येक खुर्चीच्या पायांना चिरलेले टेनिसचे चेंडू बसवलेले होते. खुर्ची सरकवली की होणारा कर्कश आवाज मशीनमधून सुरीसारखा कानात जातो, तो इथे नव्हता. ठकीने स्वतःच एक खुर्ची मागे-पुढे ओढून पाहिली.

"आई, इथे खुर्च्या ओरडत नाहीत," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "मला इथेच यायचंय."

मी दात-ओठ खात मान हलवली.

ठकीचा एक छोटा माईक आहे, पेनाच्या टोपणाएवढा. शिकवणाऱ्याने तो कॉलरला लावला की त्याचा आवाज थेट तिच्या मशीनमध्ये येतो, मध्ये भिंत असली तरी. नवऱ्याने तो साखरबाईपुढे धरताच तिने लगबगीने कॉलरला अडकवला आणि इतर पालकांकडे वळून म्हणाली, "आमच्याकडे मूल बदलत नाही, शाळा बदलते." पालक माना डोलवू लागले. एका आजोबांनी तर टाळीसुद्धा वाजवली.

मग आम्हा सगळ्यांना वाचनालयात बसवून, चहा सांगून, ती संस्थाचालकांबरोबर शेजारच्या केबिनमध्ये गेली. दार लागलं. माईक कॉलरलाच होता.

ठकी चित्रांचं पुस्तक चाळत होती. एकाएकी तिचं पान उलटणं थांबलं. नजर पुस्तकावरच, पण मान ताठ.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"ठके, काय म्हणतायत त्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, याचा तिने बराच विचार केला असावा. मग तिने सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं, "त्या म्हणतायत, 'ओळखलं मी. जुन्या शाळेतलीच पोरगी आहे ती. घेऊन टाका, तपासणीची समिती येऊन जाईपर्यंत फोटोला बरी आहे. पुढे काढायची काळजी नको. आईला सारखं बोलावत राहायचं. ती बाई लवकर थकते, स्वतःच दाखला नेते. मागेही नेला होता.'"

म्हणजे मी थकले नव्हते. मला थकवलं होतं. तीन वर्षं मी स्वतःलाच शिव्या घालत होते, की आणखी थोडं तग धरायला हवं होतं, आणि ही बाई माझ्या थकण्याचा हिशोब आधीच करून बसली होती. मला तिची वाट लावायची होती. लगेच, सगळ्यांदेखत.

ठकीने माझी बाही धरली. "आई, नको सांगूस ना. माईक चालू राहतो हे कुणाला कळू देऊ नको."

"तू गप्प बस. आज नाही सोडणार मी तिला."

साखरबाई परत आली. "कुणाला काही शंका?" तिने विचारलं, तोच मधाळ आवाज.

मी उठले. "माईक चालू आहे का, जरा बघता?"

तिचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला. मी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. फोटोला बरी, आई लवकर थकते, सगळं. मुद्दाम सावकाश, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं. बाई पांढरीफटक पडली. संस्थाचालक पुढे आले, गैरसमज वगैरे म्हणू लागले, पण टाळी वाजवणारे आजोबाच आधी उठले आणि त्यांच्यामागे पालक एकेक करून दाराकडे निघाले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते मन भरून पाहिलं. असं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. तिच्या कॉलरवरचा माईक मी माझ्या हाताने काढून घेतला.

गाडीत मी बोलतच सुटले. चेहरा पाहिलास का तिचा, आता करू दे म्हणावं समावेश. नवरा गाडी चालवत होता आणि चक्क हसत होता. मागच्या सीटवर ठकी खिडकीबाहेर पाहत होती.

"रुसलीस होय?" मी वळून विचारलं. "अगं, दुसरी शाळा शोधू. याहून चांगली."

"तिथेही आता हे कळणार," ती म्हणाली. "तू सगळीकडे सांगशील. मग सगळे माईकचं बटण बंद करून जातील. लोक माझ्याबद्दल खरं काय बोलतात, ते मला फक्त असंच कळतं."

"वाईटसाईट ऐकून काय करायचंय तुला?"

"कुणाशी किती बोलायचं ते ठरवते."

मला हसू आलं. माझीच पोर, म्हटलं. "आणि अजून कुणाकुणाचं ऐकलंयस?"

ती खिडकीबाहेरच पाहत म्हणाली, "तू माईक लावून शुद्धलेखन घेतेस आणि तो न काढताच स्वयंपाकघरात जातेस. 'एकच मूल झालं, तेही असं.' बाबांना म्हणालीस तू. दुसरीत होते मी."

आवाज तोच, बातम्यांचा. साखरबाईचं बोलणं सांगितलं होतं तोच. नवऱ्याचं हसू मावळलं. माझ्या मनातलं खरं काय ते ती आधीच ऐकून बसली होती, आणि इतकी वर्षं माझ्याशीही मोजूनच बोलत आली होती.

"शाळा शोधणार आहेस ना?" तिने विचारलं.

"हो गं राणी. तू म्हणशील तशी."

"मग होस्टेल असलेली बघ."