चार तासांवर अडलेला प्रवास

मी एक जुना नकाशा आहे. जुना असलो तरी माझ्यावर चहाचा एक डाग सापडणार नाही, आणि मित्रांनो, तेच माझं दुःख आहे.

एका घड्याळजीच्या बायकोने मला हौसेने विकत आणलं. माझ्या अगदी वरच्या कडेला, बर्फाच्या समुद्रात, तिळाएवढं एक बेट होतं. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. तिथे जायचंच, हा ध्यास त्यांनी घेतला.

दर रविवारी जेवणं झाली की टेबल पुसून मला पसरलं जाई. घड्याळजी भिंग लावून गाड्यांच्या आणि जहाजांच्या वेळा जुळवत. सगळं जुळायचं, पण शेवटी घोडं अडायचंच. बेटाकडे जाणारं जहाज सुटल्यावर चार तासांनी गाडी बंदराला पोहोचायची, आणि पुढचं जहाज थेट दुसऱ्या दिवशी.

"अहो, एक रात्र बाकावर काढू की," बाई म्हणायच्या. "तशीही तिथे रात्र होतच नाही!"

"अनोळखी गावात, उघड्यावर? छे! पुढच्या वर्षी वेळा बदलतील, तेव्हा बघू."

सेकंदाची चूक खपवून न घेणारा माणूस तो! बाई हसून बेटावर बोट टेकवायच्या आणि मला घडी घालून कपाटात ठेवायच्या.

अशी नऊ वर्षं गेली. पाहुणे म्हणत, "नकाशा किती जपलाय हो!" मी फुशारून जायचो. आज त्याची लाज वाटते. बाईंना जिना चढताना धाप लागत होती. मला ती ऐकू यायची, पण घड्याळजी वेळापत्रकात डोकं खुपसून बसलेले असत.

दहाव्या वर्षी वेळा जुळल्या. घड्याळजी तिकिटं घेऊन धावतच घरी आले. बाई बेट शोधू लागल्या, तर बोट टेकवून टेकवून ते पुसून गेलेलं.

"असू दे, रस्ता पाठ आहे मला," त्या म्हणाल्या.

निघायला तीन आठवडे उरले असताना बाई वारल्या.

तिकिटं रद्द करायला घड्याळजी मला खिशात घालून गेले. मी पहिल्यांदाच घराबाहेर पडलो होतो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काका, कारण काय लिहू?"

त्यांनी तिकिटं खिडकीतून आत सरकवली. मग म्हणाले, "उशीर झाला, असं लिहा."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला फार जपू नका. मी भिजलो असतो, फाटलो असतो, कुठल्या बंदरावर विसरून राहिलो असतो तरी चाललं असतं. त्या दोघांनी निघायला हवं होतं.