पडद्याची पिन

"माझ्या तोंडाकडे बघा, हेडमास्तर. मीही तुमच्या तोंडाकडेच बघतेय. खाली काय चाललंय ते हातांना माहीत, मला नाही."

एनिमा देताना मावशी सगळ्यांना हेच सांगायच्या. हेडमास्तर आधी लाजून लाल झाले होते, पण संडासातून बाहेर आले ते निवडणूक जिंकल्यासारखे.

वॉर्डात आम्ही दोघी आया. त्या मावशी, मी धाकटी मावशी. खाटेभोवतीच्या पडद्याला मेली एक फट राहायचीच. मावशी एप्रनची पिन काढून ती बंद करायच्या, मगच चादर उचलायच्या. पेशंट गेलेला असला तरी.

"आता याला कसली लाज?" नवीन असताना मी विचारलं होतं.

"त्याला नसेल. आपल्याला असू दे."

आणि हीच बाई स्वतःच्या पोटाबद्दल मला थापा मारत होती!

कंबरदुखीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून त्यांचं पोट साफ होईना. त्यातून ड्यूटीवर पाणी पिणं नाही. जायला उठल्या की कुणीतरी हाक मारायचं, आणि ह्या पोट दाबून तिकडे. हळूहळू जेवण सुटलं, पोट फुगून एप्रनची नाडी पुरेना.

"मावशी, मी देते ना एनिमा. नाहीतर डॉक्टरांना दाखवा."

"तू देणार? मला? आणि मग चहा कुणाबरोबर पिऊ?"

"माझ्याबरोबरच."

"गप गं. होतं मला रोज."

मग एके दिवशी त्या हसतच आल्या. "सुटलं एकदाचं! पहाटेपासून नुसतं पाणीच पाणी." चेहरा मात्र पांढराफटक होता.

मी त्यांना दारातच अडवलं. "तुम्हीच शिकवलंय मला. खडा आत तसाच असतो, पाणी कडेनं वाट काढतं."

"ते पेशंटचं," त्या म्हणाल्या, आणि ड्यूटीवर साडी खराब व्हायला नको म्हणून जुलाब थांबवायची गोळी घेतली.

दुपारी चादरींच्या खोलीत त्या गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या मला सापडल्या. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

"साठलेल्या मळानं आतडं फाटलंय," डॉक्टर म्हणाले. "घाण पोटभर पसरलीय. आत्ताच ऑपरेशन करायला हवं."

त्यांची मुलगी धावत आली. "मला तर म्हणायची, सगळं ठीक आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत होती.

ऑपरेशनआधी मावशींना पुसून तयार करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पडदा?"

"ओढलाय."

"फट?"

मी त्यांच्या एप्रनची पिन काढून फटीला लावली. "बंद केली."

"बघू नकोस गं."

"तुमच्या तोंडाकडेच बघतेय, मावशी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तेवढं मी पुसलं नाही, म्हटलं, असू दे.

ऑपरेशन झालं, पण विष अंगभर भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेल्या. मी रडले नाही, मला संताप आला होता. अजून येतो. आयुष्यभर गावाची लाज झाकली या बाईनं, आणि स्वतःची एकदा, फक्त एकदा, माझ्या हवाली करायला तयार झाली नाही.

"तू बस, दुसरं कुणी आवरेल," सिस्टर म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. पडदा ओढला. फट राहिलीच. पिन आता माझ्या एप्रनला होती. ती लावली, मग चादर उचलली. कोमट पाण्यात फडकं पिळलं आणि सावकाश पुसत गेले. सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.