हमीदाला जायचं होतं

हमीदाने चहाचा कप टेबलावर ठेवला, पण ती आत गेली नाही. तिथेच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माय मदर इज सिक. आय ॲम सपोज्ड टू गो."

"ओके, बघते," स्मिता लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली.

हमीदा मोंबासाची. स्मिताची मुलगी केया दोन वर्षांची असल्यापासून दुबईतल्या अल बर्शाच्या या फ्लॅटमध्ये हमीदानेच तिला सांभाळलं होतं. तिचा व्हिसा स्मिताच्या नावावर, त्यामुळे रजा आणि तिकीट दोन्ही स्मिताच्याच हातात. आणि ऑफिसात नेमकं ऑडिट चालू होतं.

जेवताना स्मिताच्या नवऱ्याने, सतीशने विचारलं, "काय म्हणत होती हमीदा?"

"तिला जायचंय. आई आजारी आहे म्हणे."

"जायचंय, की जावंच लागणार आहे?"

"सपोज्ड टू म्हणाली. अर्जंट असतं तर मस्ट म्हणाली असती ना! ऑडिट आटोपलं की पाठवू."

स्मिताच्या ऑफिसात गुरुवारी 'सपोज्ड' असलेले रिपोर्ट सोमवारी आले तरी कुणी हूं की चूं करत नसे.

दोन दिवसांनी हमीदाने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तितक्याच हळू. "नेक्स्ट वीक, पक्का," स्मिता म्हणाली. "येस मॅडम," म्हणून हमीदा आत गेली.

शनिवारी सकाळी केया धावत आली. "ममा, हमीदा इज क्राइंग!"

हमीदा स्वयंपाकघरात फरशीवर बसून फोनवर भावाशी बोलत होती. बोलत कसली, एकच वाक्य पुन्हापुन्हा घोळवत होती. त्यातला 'लाझिमा' तेवढा स्मिताला कळला. देराच्या बाजारातल्या दुकानांत, बँकेत, कुठेही अरबी माणूस 'लाझिम' म्हणाला की पुढे वाद नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

हमीदाची आई पहाटे गेली होती.

"भावाला काय सांगत होतीस?" स्मिताने शेजारी बसत विचारलं.

हमीदा तुटक इंग्रजीत म्हणाली, "की मी मॅडमना सांगितलं होतं. लाझिमा नियेंदे. मला जायलाच पाहिजे."

"पण तू तसं कुठे म्हणालीस? तू सपोज्ड टू म्हणालीस!"

हमीदाला यातला फरकच कळेना. "तेच ते, मॅडम. आम्ही आमच्या भाषेत 'नपास्वा' म्हणतो. माझ्यावर येऊन पडलंय, टाळता येत नाही. शाळेत टीचरने त्याचं इंग्रजी हेच शिकवलं."

"मग लाझिम तरी म्हणायचंस गं! मला कळलं असतं."

"मालकिणीला लाझिमा कसं म्हणू? हुकूम केल्यासारखं वाटतं."

स्मिताने घाईघाईने मोबाइलवर विमानं शोधली. "दुपारचं तिकीट आहे. काढते लगेच."

"दुपारच्या नमाजानंतर दफन आहे, मॅडम."

स्मिताने मोबाइल खाली ठेवला.

"भाषेचा घोटाळा झाला. तुझी काय चूक?" रात्री सतीशने स्मिताची समजूत घातली. स्मितालाही ते धरून ठेवायचं होतं. पण हमीदा दोनदा समोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा कसा होता, हे तिला कितीही आठवून आठवेना. तिने तो बघितलाच नव्हता.

ऑडिट संपल्यावर ती हमीदाकडे गेली. हमीदा केयाच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"आता महिनाभर घरी जाऊन ये. तिकीट मी काढते. भावाला भेट."

"नो नीड, मॅडम."

आवाजात राग नव्हता. रागावली असती, कपडे आपटले असते, तर स्मिताला माफी तरी मागता आली असती.

"हमीदा, प्लीज. जा तू."

"कुणाकडे जाऊ?" हमीदाने कॉलर उलटवून त्यावर इस्त्री फिरवली. मग विचारलं, "उद्या केयाला पी.टी.चा ड्रेस आहे का?"

केयाचं उद्याचं वेळापत्रक स्मिताला ठाऊकच नव्हतं. ती नुसती दारात उभी राहिली.